वाऱ्याची उशी

टाकीताईच्या हातांना कायम धातूचा वास यायचा. साबण बदलून झाले, लिंबाच्या साली चोळून झाल्या, वास काही जायला तयार नव्हता. धाकटी बहीण म्हणायची, "ताई, तू वाढलंस ना, की भाजीत चमचा विरघळल्यासारखा लागतो."

"मग उपाशी राहा. मेलेल्या माणसाला तशीही भूक लागत नाही."

आणि दोघी हसत सुटायच्या. पण ही थट्टा पुढची. आधी हसू नव्हतं, आधी नुसती आग होती.

टाकीताई तबकड्यांच्या कारखान्यात कामाला होती. गाण्यांच्या, शिकवण्यांच्या, गोष्टींच्या, जो जी ऑर्डर देईल तिच्या सीडी तिथे ढिगाने निघायच्या. लोकांना वाटतं, एकेका तबकडीवर आवाज भरत बसत असतील. तसं नसतं. आवाज एकदाच भरतात, तोही काचेवर. पुढच्या खोलीत, जिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून जावं लागतं, तिथे एका गुळगुळीत काचेवर औषधाचा पातळ थर देतात आणि त्यावर लेझरने डोळ्यांना न दिसणारे खड्डे पाडतात. मग काच ताईकडे येते. ताई ती निकेलच्या टाकीत फिरत ठेवायची, वीज सोडायची, आणि दुधावर साय धरावी तसं काचेच्या अंगावर निकेल धरत जायचं. जाड झालं की कडेला नख घालून अलगद सोलायचं. हा पहिला पत्रा म्हणजे बाप. बाप परत टाकीत घातला की त्याच्या अंगावर धरते ती आई. आणि आईच्या अंगावरून निघतात ती पोरं. हीच पोरं पुढे प्रेसवर बसून प्लास्टिकवर छाप मारतात.

बाप, आई, पोरं हीच त्या कारखान्याची बोली होती. त्यामुळे ताईच्या खोलीवरून जाताना प्रेसवाल्याची जीभ वळवळायचीच.

"काय टाकीताई, आज किती बाळंतपणं?"

"तुझं तोंड टाकीत बुडवलं तर एकच होईल. पण कायमचं बंद होईल."

नवीन मुलींना काम शिकवताना ताई एक गोष्ट मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगायची. बाप असो की आई, परत टाकीत सोडण्याआधी शेजारच्या छोट्या घमेल्यातल्या औषधात बुडवायचं. त्याने अंगावर एक पडदा चढतो, दिसत नाही, पण असतो. तो विसरलात तर जुना पत्रा आणि नवा पत्रा एकजीव होतात, मग ब्रह्मदेव आला तरी सुटायचे नाहीत. दोन्ही भंगारात. "लग्नातसुद्धा तो पडदा लागतो गं," ती म्हणायची. "नाहीतर एक दुसऱ्याला गिळून बसतो."

हे ती कुणाबद्दल बोलते ते मुलींना ठाऊक नव्हतं. ती धाकटीबद्दल बोलायची.

आईवडील लवकर गेले, धाकटीला ताईनेच वाढवलं. ताईचं स्वतःचं लग्न झालंच नाही. तिला कधी त्याची आठवणही झाली नसावी. धाकटी मात्र लहानपणापासून गोष्टीवेल्हाळ. घरात मीठ संपलं तरी तिच्याकडे त्याची गोष्ट असायची. मीठ रुसून समुद्राकडे कसं गेलं, वाटेत त्याला साखर कशी भेटली, दोघांची कशी जुंपली. आवाज जरा घोगरा, पण त्या घोगरेपणातच गंमत होती. वारा म्हणाली की कानामागे गार वाटायचं.

तिचं लग्न झालं एका देखण्या, गोड गळ्याच्या माणसाशी. तो नाटकांतून छोटी कामं करायचा. संध्याकाळी बायकोला म्हणायचा, सांग ना एखादी गोष्ट. ती बिचारी खूश, नवरा ऐकतो म्हणून. तो नुसता ऐकत नव्हता. छोटं टेपरेकॉर्डर लावून बसायचा, लिहून घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन तीच गोष्ट, त्याच जागी श्वास घेऊन, तसाच वारा घालून, आपल्या आवाजात म्हणायचा. बघता बघता तो गोष्टीवाले काका झाला. ताई त्याला पोपट म्हणायची, तोंडावर सुद्धा. तो हसून म्हणायचा, "ताई, तुमची जीभ म्हणजे अगदी ॲसिड!"

एकदा धाकटी बोलून गेली, वेष्टनावर माझंही नाव टाका ना, बारीक अक्षरात टाका. तर म्हणाला, "तुझं? तुझा घसा ऐकलायस कधी? पत्र्यावर खिळा घासल्यासारखा. तुला कोण ऐकणार?" पुढे नाव झालं, गाडी झाली, नव्या ओळखी झाल्या, आणि त्यांतल्या एकीसाठी घरात जागा हवी झाली. धाकटी कपड्यांचं बोचकं घेऊन ताईच्या दोन खोल्यांत आली. बोचक्यात तो जुना टेपरेकॉर्डर होता, आत एक कॅसेट तशीच राहिलेली. आल्या दिवसापासून तिने गोष्ट म्हणून सांगितली नाही. जिन्यात खेळणाऱ्या मुलांनी धरलं तरी म्हणायची, "माझा घसा बसलाय रे."

तो घसा काही वर्षं बसलेलाच राहिला. ताईला त्या माणसाच्या दुसऱ्या कशाचाही इतका राग नव्हता. घर घेतलं, घेऊ दे. पण जिच्या तोंडून मीठसुद्धा बोलायचं, तिला मुकी करून ठेवली!

कारखान्यात एक रीत होती. वर्षाच्या शेवटी ज्या काचांवरचं औषध शिळं व्हायला आलेलं असायचं, त्या फेकून देण्याऐवजी मालक कामगारांना द्यायचे. प्रत्येकाला एक. तिला म्हणायचे घरची काच. कुणी पोराचं बोबडं बोलणं भरून घ्यायचं, कुणी म्हाताऱ्या बापाची बासरी. ताईने धाकटीची ती कॅसेट भरून घेतली होती. फीत कुजून जाईल, निकेल कुजत नाही, एवढाच विचार. तिच्यावरून निघालेली आई तिने कापडात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवली, आणि एक तबकडी घरी नेली. धाकटीने ती उशाखाली ठेवली, लावली मात्र कधी नाही. ताईने ऐकली होती. पुन्हा पुन्हा.

आणि मग ती ऑर्डर आली. मधल्या एका कंपनीने दिलेली, मोठी, गोष्टीवाले काकांच्या निवडक गोष्टी. काकांना काय माहीत, बायकोची बहीण कुठल्या टाकीपाशी उभी असते! "कसलंतरी ॲसिडचं काम करते," एवढीच त्यांना माहिती.

ताईने दात आवळून बापही काढला, आईही काढली, पहिलं पोरही काढून दिलं. काम म्हणजे काम. त्यावरून नमुन्याच्या तबकड्या निघाल्या, काकांकडे गेल्या, त्यांनी ऐकून पसंती कळवली. मग छपाईच्या खोलीत ताई डबा खायला गेली, तर टेबलावर वेष्टनाचे कागद पडलेले. काकांचा हसरा फोटो, आणि खाली तिरप्या अक्षरांत:

"माझ्या दिवंगत पत्नीच्या स्मृतीस."

ताईने ते पुन्हा वाचलं. पहिल्यांदा तिला वाटलं, ती दुसरी गेली की काय. छपाईवाली म्हणाली, "फार भावुक माणूस आहे हो. मुलाखतीत सांगतात ना, बायको गेली, तेव्हापासून एकटेच, तिच्याच आठवणीत गोष्टी सांगतात. माझी आई तर रडते ऐकून."

ताईने एक कागद खिशात घातला. डबा तसाच बंद केला.

घरी आली तर दिवंगत पत्नी ओट्याशी बटाटे सोलत होती.

"ताई, बटाटे निम्मे सडके दिलेत बघ त्या माणसाने."

"तू मेलीयेस," ताई म्हणाली.

"आं?"

ताईने खिशातून कागद काढून पुढे धरला. धाकटीने हात पुसले, वाचलं. मग म्हणाली, "कशाने मेले ते नाही लिहिलं." आणि हसली. ते हसणं ताईला बघवलं नाही.

"मी त्याला सोडणार नाही."

"जाऊ दे ना गं. मेलेलीच्या वाटेला कोण जातं? बरं आहे की. सगळं संपलं."

"तुझं संपलं असेल. माझं आत्ता सुरू झालंय."

"तू काय करणार? तू टाकीवाली, तो काका. तुला कोण ऐकणार?"

बोलून गेली आणि तिची तीच चपापली. कुणाचं वाक्य आपल्या तोंडात येऊन बसलंय ते दोघींनाही कळलं. धाकटी पुन्हा बटाट्यांकडे वळली. ताईला तिथेच, बटाट्याच्या सालींकडे बघता बघता, सुचलं.

मोठ्या ऑर्डरला एक पोर पुरत नाही. प्रेसमध्ये रोज तापून, दाबून त्याच्या अंगावरची नक्षी थकते, मग त्याच आईवरून दुसरं पोर काढून बसवतात. आणि दुसऱ्या पोराच्या वेळी कुणी बसून ऐकत नाही. गिऱ्हाईकाची पसंती एकदाच, ती झालेली असते. तपासणीवाली दिव्याखाली तबकडी धरून ओरखडा बघते, यंत्र खड्डे नीट आहेत का ते बघतं. आत बोलतंय कोण, हे दोघांनाही विचारायचं नसतं. ते ओळखायचं मधल्या कड्यावर कोरलेल्या आकड्यावरून. आणि आकडा कोरायची ताई.

दोन दिवसांनी प्रेसवाला भर दुपारी आला. "टाकीताई, काकांचं पोर म्हातारं झालं. धाकटं द्या."

"देते," ताई म्हणाली. "धाकटीचंच देते."

त्याला वाटलं, चुकून बोलली.

तिने कपाट उघडलं. काकांची आई होती तिथेच राहू दिली आणि खालच्या कप्प्यातून कापडात गुंडाळलेली घरची आई काढली. डोक्यात एकच घुमत होतं, दिवंगत, दिवंगत. पत्रा चौकटीत बसवला, चौकट टाकीवर धरली, पाण्याला टेकवणार, आणि तिने ती झटकन वर घेतली. पडदा! घमेल्यात बुडवलंच नव्हतं. आणखी क्षणभराने धाकटीचा आवाज आणि नवं निकेल एकमेकांना जन्माचे चिकटले असते. कॅसेट तर केव्हाच कुजली होती, आणि घरची एकुलती तबकडी एका ओरखड्यात संपणारी. सूड तर नाहीच, धाकटीच संपली असती, आणि ती संपवणारी ताई.

ती स्टुलावर बसली. चार मोठे श्वास घेतले. "गधडे," ती स्वतःला म्हणाली, "दुसऱ्यांना शिकवतेस ना? राग बाहेर ठेव. आधी काम." मग पत्रा घमेल्यात बुडवला, निथळवला, टाकीत सोडला आणि वीज चालू केली.

पोर निघालं तेव्हा आरशासारखं लखलखत होतं. ताईने मधलं भोक पाडलं, कड्यावर काकांच्या ऑर्डरचा आकडा कोरला आणि प्रेसवाल्याच्या हातात दिलं.

मग ती मुद्दाम प्रेसपाशी जाऊन उभी राहिली. वरून प्लास्टिकचे सुके दाणे सळसळत उतरत होते, आत वितळून साच्यात दाबले जात होते, आणि प्रेस एकेक तबकडी बाहेर देत होता, काचेसारखी आरपार, अजून कोमट. पुढच्या डब्यात ॲल्युमिनियम चढून तिला चेहरा येत होता, मग लाखेचा थर, तो वाळवायला निळा दिवा, मग काकांचा हसरा फोटो. ते सगळे काका हसत होते आणि प्रत्येकाच्या पोटात धाकटी बोलत होती. ताईला इतकं सुख कुठल्याच जेवणाने दिलं नव्हतं.

"एवढं काय बघताय?" प्रेसवाला म्हणाला.

"नातवंडं बघतेय."

प्रकाशनाचा कार्यक्रम सभागृहात होता. धाकटी यायला तयार नव्हती. "मेलेली माणसं कार्यक्रमाला जातात का?"

"माझ्या हातचं काम आहे. माझ्यासाठी चल."

डोक्याला रुमाल बांधून ती आली. दोघी मधल्या रांगेत बसल्या. आयाबाया, मुलं, वार्ताहर, सगळं गच्च भरलं होतं. व्यासपीठावर काका पांढऱ्या कपड्यांत, चेहऱ्यावर दुःख आणि पावडर सारख्याच जाडीची. समोर तबकड्यांचं खोकं. ताईची नजर खोक्यावर. कारखान्यातून गाडी भरताना शेवटी भरलेलं खोकं आधी उतरतं, आणि शेवटी भरलेली खोकी सगळी दुसऱ्या पोराची. तिला ते पाठ होतं, तरी ती मनात पुन्हा मोजत होती.

निवेदिकेने खोकं फोडलं, एक तबकडी काढली, यंत्रात घातली. "ऐकूया काकांच्या जादुई आवाजात, वाऱ्याने चोरलेला झगा!"

जरा खरखर. लांब कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज. आणि मग, पत्र्यावर खिळा घासल्यासारखा, घोगरा, ऊबदार आवाज सभागृहाच्या छतापर्यंत गेला.

"एक होती धोबीण. तिच्या दोरीवरचा झगा आवडला वाऱ्याला..."

धाकटीने ताईचं मनगट धरलं. नखं रुतली. "ताई, काय केलंस हे?"

"गप बस. ऐक."

व्यासपीठावर काकांचा रंग उतरला. निवेदिका यंत्राकडे धावली. पण पोपट मुरलेला होता. त्याने हाताने तिला थांबवलं, माईक घेतला, डोळे मिटले.

"राहू द्या," तो भरल्या आवाजात म्हणाला. "हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हा आवाज माझ्या दिवंगत पत्नीचा. जाण्याआधीचा. वाटलं, आज तिनेच बोलावं."

सभागृह हेलावलं. पुढच्या रांगेतली एक बाई हुंदके देऊ लागली. मग टाळ्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. धाकटीने मान खाली घातली. "बघितलंस? तेही त्याचंच झालं."

ताई हलली नाही. ती तबकडी तिने पुन्हा पुन्हा ऐकलेली होती. पुढे काय आहे ते तिला ठाऊक होतं.

टाळ्या ओसरल्या. वारा झगा घालून गावभर मिरवत होता. आणि मधेच एक गोड, तरणा, सगळ्यांच्या ओळखीचा आवाज आला:

"अगं थांब, थांब. किती भरभर सांगतेस! लिहून कसं घेऊ मी? आणि तो वारा परत काढ. तस्साच काढायचाय मला उद्या स्टुडिओत. काका सांगतात म्हणतील लोक, हो की नाही?"

एक मूल खदखदून हसलं. बाकी कुणी नाही.

"बंद करा!" काका ओरडले. माईक तोंडाशीच होता, त्यामुळे ते फार मोठ्याने ओरडल्यासारखं झालं. निवेदिकेने बटण दाबलं. कुणाला कळेना, बघायचं कुणाकडे.

"पुढे काय झालं?" ते हसलेलं मूल म्हणालं.

काका चाचरत म्हणाले, "पुढे... धोबिणीने वाऱ्याला क्षमा केली बाळा, आणि तो झगा त्यालाच भेट—"

"कुठली देते!"

तोच घोगरा आवाज. पण या वेळी यंत्रातून नाही, मधल्या रांगेतून. धाकटी उभी होती. डोक्यावरचा रुमाल तिने काढला होता, आणि ताईचं मनगट अजून सोडलेलं नव्हतं.

"झगा दिला नाही तिने. टेप संपली तशी तुम्ही झोपलात त्या दिवशी, शेवट ऐकायच्या आधी. मग मनानेच लावलात तो." तिने त्या मुलाकडे बघितलं आणि तिचा घसा मोकळा झाला. "धोबिणीने काय केलं सांगू? तिने वाऱ्याला हाक मारली, ये, तुला झगा घट्ट होतोय, सैल करून देते. वारा आला. तिने त्याला घडी घालून घालून एवढासा केला, उशीत कोंबला, उशीचं तोंड शिवून टाकलं आणि वर बसली. अजून बसलीये."

मूल टाळ्या पिटू लागलं. वार्ताहर वळून विचारत होता, "आपण कोण?"

"मी?" धाकटी म्हणाली. "मी ती दिवंगत."

काकांकडे बघण्याची ताईला गरज वाटली नाही. तरी बघितलं, पोटभर बघितलं. त्यांचे ओठ हलत होते आणि पहिल्यांदाच त्या तोंडात कुणी शब्द घालायला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोलावणं येण्याआधी ताईच मालकांसमोर उभी राहिली. त्यांनी जाणूनच वाट करून दिली होती. "आयांची अदलाबदल झाली असेल. होतं असं. चूक झाली म्हण, विषय संपेल."

"चूक नाही झाली, साहेब. माझ्या हातून चूक होत नाही. मी केलं."

मालकांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "मग तुला ठेवता येणार नाही."

"माहीत आहे. घरची आई तेवढी घेऊन जाते."

हातांचा वास मात्र नोकरीबरोबर गेला नाही. तो अजून आहे.

काही आठवड्यांनी प्रेसवाला घरी आला. जिन्यात मुलांचा गराडा पडला होता आणि मधे बसून धाकटी मीठ आणि साखरेचं भांडण लावून देत होती, त्यामुळे त्याला वर चढायला वाट मिळेना. वर आला आणि म्हणाला, "ताई, गंमत झाली. कंपनीने माल परत मागवला. म्हटलं, धाकटीबाईंच्या येतील सगळ्या. तर लोकांनी त्या ठेवून घेतल्या आणि काकांच्या परत केल्या! बाईंची बदलून द्या म्हणतात. आता काकांचा चुरा चाललाय चक्कीत, रोज."

"त्या चुऱ्यातला जरा आणून देशील?"

"कशाला?"

"आण तर."

त्याने पिशवीभर आणला. चमचमता, धारदार, कुठे फोटोतला दात, कुठे डोळा. ताईने जाड कापडाची उशी शिवली, त्यात तो चुरा भरला, तोंड दुहेरी दोऱ्याने बंद केलं आणि खिडकीपाशी टाकून वर बसली. जिन्यातून वाऱ्याचा आवाज येत होता. धाकटी चहा घेऊन वर आली, उशीकडे बघितलं आणि कळायचं ते तिला कळलं.

"टोचत असेल ना गं?"

"टोचतंय की." ताईने चहाचा घोट घेतला, जरा सरकली आणि पुन्हा घट्ट बसली. "पण उठणार नाही."